अमरावतीच्या शिला आणि आपली मुले



लंडनचे ब्रिटिश म्युझियम आपणांस नवे नाही. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना तेथे नेतो. मुले इजिप्तच्या ममीजवळ रेंगाळतात आणि सायंकाळ होते. परंतु त्याच वास्तूत १९९२ साली खुले झालेले ३३अ क्रमांकाचे दालन आहे. तेथे अमरावतीच्या महास्तूपाच्या शिला मांडलेल्या आहेत. ही आपल्या विदर्भातील अमरावती नव्हे; महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा आंध्रात जिच्या काठाने वाहते, ती अमरावती.

१७९७ साली कॉलिन मॅकेंझी तेथे पोहोचला, तेव्हा स्तूपाचे दगड बांधकामासाठी उपसले जात होते. शिला चुनखडीच्या, म्हणून कित्येक भाजून त्यांचा चुना करण्यात आला. १८४५ साली वॉल्टर इलियटने उत्खनन केले. त्यातील शिला पुढे इंग्लंडात आल्या आणि १८८० साली या संग्रहालयात दाखल झाल्या. परकीयांनी त्या नेल्या याची खंत आपणांस आहेच; पण आपल्याच भूमीत त्यांचा चुना झाला, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

या दालनातील एक शिला दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. जुन्या बाजूवर बोधिवृक्ष, त्याखाली रिकामे आसन आणि भोवती वंदन करणारे उपासक आहेत. तथागतांची मूर्ती मात्र नाही. मुले विचारतील, "आसन रिकामे का?" त्यांना सांगावे, की वृक्ष, चक्र आणि पदचिन्हे यांवरूनच त्या काळचे उपासक तथागतांना ओळखीत. बुद्ध मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहेत, ही बाबासाहेबांची शिकवण त्या आसनापुढे सहज समजावता येते.

अमरावतीच्या शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. त्यांत विधिक नावाचा एक चर्मकार आहे. उपाध्याय नाग यांचा हा पुत्र. आई, पत्नी, भाऊ, मुलगा, मुली आणि आप्तमित्र यांच्यासह त्याने पूर्णघटाची शिला दान दिली. त्याने आपला व्यवसाय लपविला नाही. नावासोबत तो दगडात कोरविला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धम्माच्या महास्तूपात चर्मकाराच्या दानाला मानाचे स्थान होते. परदेशातही आडनाव विचारून आपली जात चाचपणारे भेटतात आणि आपल्या मुलांची जीभ क्षणभर अडखळते. अशा वेळी त्यांना विधिकाची आठवण द्यावी.

१९२० नंतर लंडनमध्ये अध्ययन करीत असताना बाबासाहेब याच संग्रहालयाच्या ग्रंथालयात तासन्‌तास वाचीत बसत. ज्या वास्तूत त्यांनी ज्ञानाची साधना केली, त्याच वास्तूत आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचे दगड उभे आहेत. तेथे प्रवेशशुल्क नाही. वेळ मात्र द्यावा लागतो. पुढील सुटीत मुलांसह तेथे जाऊ या, शिलांपुढे शांतपणे उभे राहू या आणि विधिकाची हकीकत आपल्या मराठीत त्यांना सांगू या.

नमो बुद्धाय! जयभीम!