वादळाचा भोंगा आणि कामाची पाळी



१० डिसेंबर २०२१ च्या रात्री अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पश्चिम भागात, मेफील्ड नावाच्या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावी, मेणबत्त्यांचा एक कारखाना कोसळला. नाताळ तोंडावर आला होता, सुगंधी मेणबत्त्यांची मागणी वाढली होती, आणि कारखाना रात्रंदिवस चालू होता. साडेनऊच्या सुमारास वावटळ येऊन आदळली तेव्हा आत ११० माणसे होती. काही क्षणांत छप्पर आणि भिंती त्यांच्या अंगावर आल्या. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या एका कामगार स्त्रीने हातातल्या मोबाइलवरून आपली हाक थेट जगापुढे मांडली. मदत मागता मागता ती आसपास अडकलेल्यांना धीरही देत होती. ती वाचली. तिचे नऊ सहकारी वाचले नाहीत.

निसर्गाच्या कोपाची बातमी म्हणून ही बातमी जगभर वाचली गेली आणि चार दिवसांत विसरली गेली. कष्टकऱ्यांच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी मात्र ती पुन्हा एकदा नीट वाचावयास हवी. त्या रात्री आणि त्यानंतरच्या महिन्यांत माणसांनी माणसांना जी साथ दिली ती कोणत्याही समाजाने अभिमान बाळगावा अशीच होती. परंतु त्या साथीच्या आधी, वावटळ येण्यापूर्वीच्या तासांत, जे घडावयास हवे होते ते घडले नाही. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तरच तिचा अर्थ हाती लागतो.

आपल्या किनारपट्टीला परिचित असलेले चक्रीवादळ आणि अमेरिकेतील टोर्नेडो यांत महत्त्वाचा फरक आहे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. टोर्नेडो ही मेघगर्जनेच्या प्रचंड ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी वावटळ. दक्षिणेकडील आखातावरून येणारी उष्ण, दमट हवा, वरच्या थरातील थंड हवा आणि उंचीनुसार दिशा व वेग बदलणारे वारे हे सारे एकत्र आले म्हणजे ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. त्याचा पट्टा अरुंद असतो. रस्त्याच्या एका बाजूची घरे भुईसपाट होतात आणि दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांची काचही फुटत नाही. हा धोका मुख्यतः वसंत ऋतूतला. परंतु त्या डिसेंबरात हवा अवेळी उष्ण झाली होती. १० आणि ११ डिसेंबर या दोन दिवसांत मध्य व दक्षिण अमेरिकी राज्यांत मिळून सुमारे ७० टोर्नेडो झाले आणि ९० च्या आसपास माणसे मेली. त्यांतली बहुसंख्य एकट्या केंटकीतली. मेफील्डवर आलेली वावटळ जमिनीवरून सुमारे २६६ किलोमीटर चालत गेली, तिच्यातील वारे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत पोहोचले, आणि वाटेत तिने ५७ जीव घेतले.

याच भागाजवळून शंभर वर्षांपूर्वी याहून भीषण वावटळ गेली होती. १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून ती साडेतीन तास धावत राहिली आणि ६९५ माणसे मृत्युमुखी पडली. वेस्ट फ्रँकफर्ट या कोळसाखाणींच्या गावी पुरुष जमिनीखाली कामावर होते. वीज गेली, पाळणे बंद पडले, आणि ते कसेबसे वर चढून आले तेव्हा त्यांची घरे जागेवर नव्हती. मेलेल्यांत त्यांच्या बायका आणि मुले होती. खोल खाणीत राबणारा वाचला आणि घरात असलेले गेले. त्या दिवशी कोणालाही सूचना मिळाली नव्हती. सरकारी हवामान खात्याने आपल्या भाकितांत ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरू नये असा दंडकच होता. लोक घाबरून जातील आणि वावटळीपेक्षा घबराटीनेच अधिक हानी होईल, ही त्यामागची भूमिका. सामान्य माणसाला सत्य सांगितले तर तो बिथरतो, हा राज्यकर्त्यांचा जुनाच समज आहे.

टोर्नेडोचे पहिले यशस्वी भाकीत झाले ते १९४८ च्या मार्चमध्ये, ओक्लाहोमातील एका लष्करी विमानतळावर. पाच दिवसांपूर्वीच्या वावटळीत तिथली विमाने मोडली होती. उरलेली वाचवण्यासाठी दोन लष्करी अधिकाऱ्यांनी हवेचे नकाशे अभ्यासले आणि त्यांचा अंदाज खरा ठरला. सर्वसामान्य नागरिकांना अशी भाकिते नियमितपणे मिळू लागण्यास १९५२ साल उजाडले. पुढे रडार आले, उपग्रह आले, गावोगाव भोंगे बसले. २०२१ च्या त्या रात्री शास्त्रज्ञ कमी पडले नाहीत. संकटाचा इशारा दिवसा दिला गेला होता, वावटळीची वाट रडारवर दिसत होती, आणि मेफील्डसाठी सर्वांत गंभीर स्वरूपाची सूचना प्रत्यक्ष आघाताच्या आधी प्रसृत झाली होती.

म्हणजे १९२५ साली नव्हते ते ज्ञान २०२१ साली होते. मग मेणबत्तीच्या कारखान्यात ११० माणसे का होती?

वाचलेल्या कामगारांनी नंतर पत्रकारांना जे सांगितले ते असे. पहिला भोंगा सायंकाळी साडेपाचच्या सुमारास झाला. कामगारांना आतल्या सुरक्षित मानलेल्या भागात नेले गेले आणि तो धोका टळल्यावर पुन्हा कामावर लावले गेले. मध्ये तीन-चार तास होते. या काळात काहींनी घरी जाऊ देण्याची मागणी केली, तेव्हा ‘गेलात तर नोकरी जाईल’ असे आपल्याला सांगितले गेले, असे त्यांचे म्हणणे. कारखान्याच्या चालकांनी हे साफ नाकारले आणि वाद न्यायालयात गेला. ‘जाऊ नका’ असे कोणी उच्चारले की नाही याचा निवाडा पुराव्यावरून होईल. परंतु ज्याचे घरभाडे आणि मुलांचे दूध पुढच्या पगारावर अवलंबून आहे, त्याला ते शब्द ऐकावेच लागतात असे नाही. हजेरीचा नियम आणि नोकरीची अनिश्चिती त्याच्या कानात तेच बोलत असतात. गिरणीचा भोंगा कामगाराला आत बोलावतो. वादळाचा भोंगा त्याला जीव वाचवायला सांगतो. दोन्ही एकाच वेळी वाजले तर पोटासाठी पहिल्याचीच आज्ञा पाळावी लागते. सूचना मिळणे वेगळे आणि ती पाळण्याची मोकळीक असणे वेगळे.

त्याच रात्री, तासाभरापूर्वी, इलिनॉय राज्यातील एडवर्ड्सव्हिल येथे एका बलाढ्य कंपनीचे घरपोच मालाचे गोदाम कोसळले आणि सहा माणसे मेली. त्यांतील बहुतेक कंपनीच्या पटावरची नव्हती. कंत्राटदारांसाठी गाडी चालवणारी ती माणसे, फेरी संपवून नुकतीच परतलेली. आत नेमके किती जण होते याचा हिशेब लागायलाही वेळ गेला. केंद्रीय कामगार-सुरक्षा विभागाने चौकशी केली. लोकांना आसरा घेण्यास सांगण्यासाठी जो कर्णा ठेवला होता तो कुलूपबंद जाळीच्या आत होता, असे तिच्यात आढळले. एप्रिल २०२२ मध्ये विभागाने कंपनीला सुधारणा सुचवणारे पत्र पाठवले. दंड झाला नाही, कारण ज्याचा भंग झाला असे म्हणता येईल असा नेमका नियमच अस्तित्वात नव्हता. सहा मृत्यू झाले आणि कायद्याच्या दृष्टीने कोणी काही मोडले नव्हते! कामगाराच्या जिवाबद्दल कायद्यात जागा कोरी ठेवली म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

आता या काळोखाची दुसरी बाजू. मेफील्डच्या कारखान्यात त्या रात्री स्थानिक तुरुंगातील सात कैदीही काम करीत होते. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा तुरुंगसेवक त्यांना सुरक्षित जागी लोटता लोटता स्वतः मारला गेला. ढिगाऱ्यातून बाहेर आलेल्या कैद्यांपैकी काहींनी पळून जाण्याऐवजी अडकलेल्या सहकाऱ्यांना ओढून काढण्यास हात लावला, असे वाचलेल्या कामगारांनी कृतज्ञतेने सांगितले. समाजाने ज्यांना गजाआड टाकले होते त्यांनी समाजातील माणसांना बाहेर काढले.

उजाडल्यावर दिसले ते असे: न्यायालयाची जुनी इमारत फुटलेली, चर्चे पडलेली, पाण्याची टाकी आडवी झालेली, बाजारपेठेच्या जागी विटांचे ढीग. पूर्वेकडच्या डॉसन स्प्रिंग्ज या लहानशा गावाचा, राज्यपाल अँडी बेशियर यांच्या वडिलांच्या जन्मगावाचा, बराचसा भाग नाहीसा झालेला. वीज नाही, पाणी नाही, आणि ऐन हिवाळा. अशा वेळी मदत आली ती आधी शेजारून. कोणी ट्रकमागे भट्टी जोडून आला आणि रस्त्याच्या कडेला फुकट अन्न शिजवून वाटू लागला. मेफील्डच्या जत्रेच्या मैदानावर कपडे, पांघरुणे, औषधे यांची कोठारे उभी राहिली. शेजारच्या विंगो गावातील एका चर्चने आपले आवार बेघरांना खुले केले आणि कित्येक आठवडे ते त्यांचे घर झाले. सरकारी उद्यानांतील विश्रामगृहांत पर्यटकांऐवजी निराधार कुटुंबे राहू लागली. पोरांचा नाताळ सुना जाऊ नये म्हणून राज्यपालांच्या पत्नीच्या पुढाकाराने खेळणी गोळा झाली. राज्याच्या मदतनिधीत दीड लाखांहून अधिक लोकांनी मिळून ५ कोटी २० लाखांच्या वर डॉलर दिले. त्यातून मृतांच्या अंत्यविधीचा खर्च दिला गेला आणि पुढे घरेही बांधली गेली. दीड लाख दाते म्हणजे धनिकांची ओंजळ नव्हे. सामान्य माणसांच्या मुठी एकत्र आल्या तेव्हाच हा आकडा झाला.

या साथीला परतफेडीचेही एक पान आहे. जुलै २०२२ मध्ये त्याच राज्याच्या पूर्व टोकाला, कोळसाखाणींच्या डोंगराळ मुलखात, महापूर आला आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हा मेफील्ड आणि डॉसन स्प्रिंग्जची माणसे, ज्यांपैकी अनेकांची स्वतःची घरे अद्याप उभी राहिली नव्हती, गाड्या भरून सामान घेऊन पूर्वेकडे निघाली. वावटळीच्या वेळी पूर्वेची माणसे पश्चिमेला आली होती. आता पश्चिम पूर्वेला निघाली. यात उपकाराचा भाव नव्हता. ज्याने छप्पर उडताना पाहिले आहे त्याला दुसऱ्याच्या उघड्या घराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. समाजवादाला ज्या बंधुभावावर उद्याचा समाज उभारायचा आहे, तो माणसांत उपजतच आहे. व्यवस्था त्याला रोजच्या व्यवहारात वाव देत नाही, इतकेच.

तथापि या बंधुभावाचे गुणगान करून थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे. ज्याचे स्वतःचे घर पडले त्याला घर बांधून मिळण्याची आशा होती. भाड्याने राहणाऱ्याचे काय? मोडलेले घर त्याचे नव्हतेच, त्यामुळे नव्या घरावरही त्याचा हक्क नव्हता. कोंबड्यांचे मांस तयार करणाऱ्या कारखान्यांत आणि मेणबत्तीच्या कारखान्यातही लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसे राबत होती. त्यांपैकी ज्यांच्यापाशी कागदपत्रे नाहीत त्यांना केंद्र सरकारची रोख मदत नियमानेच मिळू शकत नाही. त्यांचे श्रम चालतात, त्यांचे दुःख नोंदवहीत चालत नाही. शेजाऱ्याने थाळी पुढे करताना कागद मागितला नव्हता. तो मागितला शासनसंस्थेने.

म्हणून मदतीचे दोन प्रकार वेगळे ओळखावयास हवेत. एक मदत संकटानंतर येते. ती माणसाच्या अंतःकरणातून येते आणि तिला कायद्याची गरज नसते. दुसरी संकटाआधी यावी लागते: भोंगा झाल्यावर वेतन आणि नोकरी न गमावता काम सोडण्याचा हक्क, प्रत्येक कारखान्यात आणि गोदामात खरोखर टिकेल असा निवारा, कंत्राटी माणसाचेही नाव हजेरीपटावर, आणि हे न करणाऱ्यास शिक्षा. ही दुसरी मदत दयेने मिळत नाही. ती संघटनेने, आग्रहाने आणि कायद्याने मिळवावी लागते. पहिली कितीही उदंड असली तरी दुसरीची उणीव ती भरून काढू शकत नाही. ५ कोटी डॉलरनी अंत्यविधी होतात, गेलेला माणूस परत येत नाही. उलट पहिलीच्या कौतुकात दुसरीचा विसर पडावा, हे ज्यांना नफ्याचा हिशेब ठेवायचा असतो त्यांच्या सोयीचेच असते.

वावटळ कोणी थांबवू शकत नाही. परंतु पहिला भोंगा आणि वावटळ यांमधले ते तीन-चार तास माणसांच्या हातातले होते. त्या तासांवर मालकी कोणाची, हा प्रश्न केंटकीपुरता नाही. जिथे जिथे माणूस दुसऱ्याच्या छपराखाली पोटासाठी उभा आहे, तिथे तिथे तो आहे. संकटात धावून जाण्याची कार्यकर्त्यांची परंपरा उज्ज्वल आहे आणि ती चालूच राहिली पाहिजे. ढिगारा उपसणाऱ्या त्याच हातांनी उद्या हा हक्कही मागावयास हवा, तरच पुढच्या वेळी उपसायला ढिगारा राहिला तरी त्याखाली माणूस नसेल.