बोलायला थांबला, बोलायचा थांबला



दोन वाक्यं ऐका. 'तो दारात बोलायला थांबला.' आणि 'तो दारात बोलायचा थांबला.' पहिल्या वाक्यातला माणूस चालता चालता उभा राहिला आणि त्यानं गप्पा सुरू केल्या. दुसऱ्या वाक्यातल्या माणसानं गप्पा चालू असताना तोंड मिटलं. शब्द जवळजवळ तेच आहेत, पण अर्थ एकदम उलटा. हा फरक आपल्याला कुणी शाळेत शिकवला नाही, तरी लहान पोरसुद्धा तो सहसा चुकत नाही.

इंग्रजीत हीच दोन वाक्यं 'ही स्टॉप्ड टू टॉक' आणि 'ही स्टॉप्ड टॉकिंग' अशी होतात. इथं मात्र आमची मुलं अडखळतात. मी सांगली जिल्ह्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलांच्या वह्यांत मला नेहमी याद्या दिसायच्या. या क्रियापदांपुढं 'टू' लावा, या क्रियापदांपुढं 'इंग' लावा. परीक्षेच्या आदल्या रात्री यादी पाठ व्हायची आणि परीक्षा झाली की विसरायची. मुलाच्या तोंडात हा भेद लहानपणापासून असतो, तरी आम्ही त्याला तो परका म्हणून शिकवतो, याचं मला फार वाईट वाटत आलं आहे.

आता 'विसरणं' घ्या. 'दार लावायला विसरलो' म्हणजे दार उघडंच राहिलं. 'दार लावल्याचं विसरलो' म्हणजे दार लावलं होतं, पण डोक्यातून गेलं. इंग्रजीत पहिलं 'फरगॉट टू क्लोज', दुसरं 'फरगॉट क्लोजिंग'. आपलं 'लावायला' पुढच्या कामाकडे बघतं, इंग्रजीचा 'टू'सुद्धा इथं पुढंच बघतो. 'लावल्याचं' मागं बघतं, आणि या जागी 'इंग'ही मागंच बघतो. आठवणीचंही तसंच आहे. आजीला 'गोळी घ्यायचं लक्षात ठेव' म्हणताना 'रिमेंबर टू टेक', आणि 'गोळी घेतल्याचं आठवतंय' म्हणताना 'रिमेंबर टेकिंग'.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र शेतातलं आहे. विहिरीवरची मोटर चालू होत नाही. शेजारी म्हणतो, 'फ्यूज बदलून बघ की.' म्हणजे बदलणं सोपं आहे, मोटर चालते का ते बघायचं आहे. इंग्रजीत हे 'ट्राय चेंजिंग द फ्यूज'. पण फ्यूज गंजून घट्ट बसलाय, निघतच नाही. तेव्हा आपण म्हणतो, 'फ्यूज बदलायचा प्रयत्न कर.' इथं बदलणंच अवघड आहे, म्हणून 'ट्राय टू चेंज'. हा भेद चांगल्या शिकलेल्या माणसालाही इंग्रजीत चकवतो. मराठीत तो 'करून बघ' आणि 'करायचा प्रयत्न कर' इतका स्वच्छ आहे.

कधी कधी 'टू' अजिबातच नको असतो. 'त्याला जाऊ दे' म्हणजे 'लेट हिम गो', आणि 'तो जाऊ शकतो' म्हणजे 'ही कॅन गो'. आपल्याकडे 'जाऊ' आलं, तिकडे 'टू' गळाला. 'त्याला जायला सांग' म्हटलं की 'टेल हिम टू गो', तिथं 'टू' परत आला. पण हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. 'त्याला जायला लावलं' याचं इंग्रजी 'मेड हिम गो', तिथं 'टू' नाही. आणि 'रडू लागला' याचं 'बिगॅन टू क्राय' होतं, तिथं 'टू' चालतो. असे अपवाद भेटतील तसे लक्षात ठेवावेत.

एका ठिकाणी मराठी आपल्याला आडवाटेला नेते. 'बाबांनी यावं असं मला वाटतं' हे वाक्य मनात धरून मुलं 'आय वॉन्ट दॅट फादर शुड कम' असं लिहितात. इंग्रज तसं बोलत नाही. मी मुलांना सांगायचो, मराठीतलंच दुसरं वाक्य धरा, 'मला बाबा यायला हवेत.' आता शब्द जागेवर येतात, 'आय वॉन्ट फादर टू कम.' म्हणजे मराठी सोडायची गरज नाही, योग्य मराठी निवडायची गरज आहे.

आता इंग्रजीतल्या काही छोट्या शब्दांकडे येऊ, म्हणजे अप, डाउन, आउट, ऑफ, अवे यांच्याकडे. क्रियापदाला हे चिकटले की अर्थ कुठल्या कुठं जातो. इंग्रजांनाही याची जाणीव होती. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपला मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला असा शब्द जोडून अर्थ बदलायची रीत त्यांच्या भाषेत फार आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण तीच देते. अशा जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र त्यानंतर खूप उशिरा, लोगन पिअरसल स्मिथ यांच्या 1925 च्या पुस्तकातून रूढ झालं.

आपल्या घरात आई, आजी रोज काय बोलतात? 'दूध पिऊन टाक.' 'भाकरी खाऊन टाक.' इथं कुणी काही टाकत नाही. दूध टाकलं तर आई रागावेल! 'टाक'चा मूळ अर्थ विरून गेलाय, उरलाय तो फक्त 'पुरतं संपव' एवढाच. 'ड्रिंक अप', 'ईट अप' यांतल्या 'अप'चं तेच झालंय. वर काहीच जात नाही, काम पुरं होतं. हे एकदा कळलं की 'अप' म्हणजे वर, मग 'ईट अप' म्हणजे काय, असं कोडं पडत नाही.

'लिहिणं' या एका क्रियापदाचा गोतावळा बघा. लिहून ठेव, लिहून घे, लिहून दे, लिहून काढ, लिहून टाक. पाचांचे पाच अर्थ वेगळे. वाणी उधारी लिहून ठेवतो, विद्यार्थी फळ्यावरचं लिहून घेतो, डॉक्टर औषध लिहून देतात. इंग्रजी हीच कामं डाउन, आउट, अप, ऑफ यांच्याकडून करून घेते. 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेव, 'टेक डाउन' म्हणजे दुसरा सांगतोय ते लिहून घे. आपलं 'काढ' पुष्कळदा त्यांच्या 'आउट'पाशी जातं. शोधून काढ, 'फाइंड आउट'. आपलं 'चालत राहा' त्यांच्या 'ऑन'पाशी जातं, 'वॉक ऑन'.

हे छोटे शब्द आपल्या अनुभवातही सापडतात. 2005 आणि 2019 चा महापूर सांगलीकर विसरणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी किती फुटांवर आलं, हाच तेव्हा घराघरातला प्रश्न होता. त्या दिवसांतली आपली भाषा आठवा. गोठा वाहून गेला, 'वॉश्ड अवे'. पाणी उतरलं, 'वेंट डाउन'. रस्ता तुटून गेला, 'कट ऑफ'. ज्यानं ते दिवस काढले, त्याला 'अवे' शब्दाचा अर्थ कोशात बघावा लागत नाही.

यांतले बरेच जोडशब्द फोडताही येतात. 'स्विच ऑन द लाइट' आणि 'स्विच द लाइट ऑन' दोन्ही चालतं, पण 'इट' आला की तो मध्येच बसवावा लागतो, 'स्विच इट ऑन'. मुलांना हे विचित्र वाटतं. पण आपण 'करून तर बघ', 'करूनच टाक' म्हणताना मध्ये शब्द घालतोच की. आपल्या सांगली-साताऱ्याकडं तर 'दे सोडून', 'टाक करून' असं उलटंही म्हणतात.

काही जोड्या मात्र अशा उलगडत नाहीत. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे तुकडे करून कळणार नाही. आपलं 'हात टेकले' परक्याला जसं कळणार नाही, तसंच. ते अख्खंच घ्यावं लागतं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्यानपिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्य शेजारी ठेवूनच. पुढं इंग्रजीच्या तासाला मराठी नकोच, असा आग्रह आला. मला तो पटला नाही. आपल्या सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे एकेकाळचे प्राचार्य वि. कृ. गोकाक कन्नडचे मोठे कवी होते आणि इंग्रजीचे नामांकित प्राध्यापकही. पुढं हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे ते संचालक झाले. कन्नडनं त्यांच्या इंग्रजीची वाट अडवली नाही.

2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळं पुष्कळ आईवडील मला म्हणायचे, 'सर, आम्हाला इंग्रजी येत नाही, पोराचा अभ्यास कसा घेणार?' त्यांना माझी एकच विनंती. आज रात्री जेवणं झाली की मुलाला 'बसणं' हे एक क्रियापद द्या आणि त्यापुढं राहा, घे, टाक, जा, बघ यांतलं काय काय जुळतं, ते विचारा. प्रत्येक जोडीचा अर्थ त्याच्याकडून मराठीत वदवून घ्या. उद्या त्याच्या सरांना किंवा बाईंना या जोड्यांची इंग्रजी रूपं विचारायला सांगा. यातला पहिला अर्धा अभ्यास तुम्हाला पूर्ण येतो.