नाव घातलेली वाटी



श्रोतेहो, दुसऱ्याचं लेखन आपल्या नावावर खपवू नये, हे तुम्हांला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते टक्क्यांबद्दल. हल्ली प्रबंधाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "किती टक्के आले?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ४०पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ६०पर्यंत गेलं तर वर्षभर थांबायचं, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. झालं! मुलं १०च्या आत बसवायच्या मागे लागली. 'पाऊस कमी झाल्याने पिके करपली' याचं 'पर्जन्यमान घटल्यामुळे पिके होरपळली' होतं, आणि साम्य तपासणारं सॉफ्टवेअर गप्प. इंग्रजी लेख मराठीत उतरवला, तर साम्य बहुधा सुटूनच जातं.

आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतो ना? शेजारच्या काकूंच्या वाटीवरचं नाव घासून काढलं, म्हणून वाटी आपली होते का? वाटी जरूर आणावी. नाव दिसू द्यावं, आणि परत करताना रिकामी देऊ नये, आपल्या घरचं काही घालून द्यावं. संशोधन याहून वेगळं काय असतं? पण घरात कार्य निघालं की चार घरची भांडी एकाच मोरीत पडतात, आणि बिननावाची वाटी कुणाची ते कुणालाच सांगता येत नाही. संशोधकाची मोरी म्हणजे त्याची टिपणवही. वाक्य उतरवून घेतलं, लेखक लिहिला नाही, पान लिहिलं नाही. दोन वर्षांनी ते वाक्य आपलंच वाटायला लागतं.

म्हणून सांगते, टिपण काढतानाच लेखक, ग्रंथ, वर्ष, पान लिहा. जसंच्या तसं घेतलेलं अवतरणचिन्हांत टाका. स्वतःचा विचार वेगळ्या शाईत लिहा.

मार्गदर्शक मंडळी, रागावू नका. पण शेवटी टक्क्यांचा अहवाल मागता, तशी पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याची टिपणवही कधी मागितलीत? सॉफ्टवेअर साम्य दाखवतं. ते साम्य की चोरी, हे तुम्हीच वाचून ठरवायचं.

आपलेच जुने परिच्छेद नव्या लेखात पुन्हा छापणं, यावरही आयोगाने २०२०मध्ये सूचना काढली आहे. त्यातली खरी गोम अशी, की... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. तेव्हा एवढंच, पुन्हा एकदा: १० टक्के ही चोरीची परवानगी नाही. आज रात्री जे टिपण काढाल, त्याखाली पान क्रमांक लिहा.