घोड्याच्या पाठीवरचा हात



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मालीश पहिलवानाने करून घ्यावी, बाळंतिणीने घ्यावी. घोड्याला ती कशाला, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या भाषेत पागा, मोतद्दार, चंदी आणि खरारा हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळले, त्या भाषेच्या माणसाला हा विषय अगदीच परका नाही. खरारा म्हणजे नुसती धूळ झाडणे नव्हे. जाणता मोतद्दार खरारा करता करता घोड्याचे अंग चाचपून पाहतो आणि कोठे ऊन लागते, कोठे सूज आहे, कोठे हात लागताच जनावर अंग चोरते, हे मनात टिपून ठेवतो. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच : शांतपणे ठेवलेला हात घोड्याला विसावा देतो, आणि त्याचे दुखणे मालकाला सर्वांत आधी कळते तेही बहुधा त्या हातानेच.

हे असे का, ते समजण्यासाठी घोड्याचा स्वभाव आधी ध्यानात घेतला पाहिजे. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो, त्याच्यावर हिंस्र पशूची नजर आधी जाते. त्यामुळे दुखणे लपविणे हे त्याच्या रक्तातच भिनलेले आहे. कुत्रा दुखले की केकाटतो. घोडा बहुधा गप्प राहतो आणि दुखऱ्या भागाचा भार दुसऱ्या भागावर टाकून चालत राहतो. मग तो दुसरा भागही आखडतो. मालक मात्र म्हणतो, ‘हल्ली घोडा खोडकर झाला आहे. तंग आवळताना चावायला येतो.’

आता त्याच्या शरीराची रचना पाहा. आपल्या खांद्याला गळपट्टीच्या हाडाचा आधार असतो. घोड्याला ते हाडच नाही. त्याचे पुढचे दोन्ही पाय धडाला केवळ स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी जोडलेले असतात. जणू छातीचा भाग दोन पायांमध्ये झोळीत ठेवावा, तसा तो टांगलेला असतो. उभ्या घोड्याच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के भार या पुढच्या पायांवर येतो, आणि पाठीवर स्वार बसला म्हणजे त्यात आणखी भर पडते. यावरून खांदे, मानेचा बुंधा आणि खोगिराखालची पाठ हेच भाग वारंवार का आखडतात, ते उघड होते. आणि त्याची कातडी जाड आहे म्हणून तिला कळत नाही, असे कोणी समजू नये. पाठीवर माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच जागा थरथरवून तिला उडवितो. ज्या अंगाला माशीचा भार कळतो, त्या अंगाला आपल्या हाताचा भाव कळणार नाही काय?

घोडे स्वतः एकमेकांशी कसे वागतात, तेही पाहण्याजोगे आहे. दोन स्नेही घोडे समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या बुंध्याशी, जेथे आयाळ संपून पाठ सुरू होते तेथे, दातांनी हळूहळू खाजवितात. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर संशोधकांनी याविषयी प्रयोग केले व ते १९९३ साली प्रसिद्ध झाले. नेमक्या त्याच आवडत्या जागी माणसाने हाताने खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी खाजविले असता तसे झाले नाही. स्वस्थ घोड्याचे हृदय मिनिटाला साधारणपणे २८ ते ४४ वेळा पडते. म्हणजे मुळातच संथ असलेले हे हृदय योग्य जागच्या स्पर्शाने आणखी निवांत होते.

जुन्या लोकांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. त्यात शिंगराला माणसाळविण्यासाठी, ज्या जागा कुरवाळलेल्या त्याला आवडतात आणि जेथे त्याला स्वतःला पोहोचता येत नाही, तेथे हात फिरवावा, असा सल्ला आहे. आपल्या काळात या ज्ञानाला पद्धतीचे रूप आले. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या बाईंनी १९७०च्या दशकात मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिक्षण घेतले. हे गृहस्थ माणसांच्या हालचाली सुधारण्याची विद्या शिकवीत. बाईंनी ती विद्या घोड्यांकडे वळविली. बोटांच्या टोकांनी कातडी हलकेच सरकवीत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सव्वा वर्तुळ काढावयाचे आणि पुढच्या जागेकडे जावयाचे, अशी त्यांची रीत. अमेरिकेतील जिम मास्टरसन यांनी तर दाबाची मोजमापेच स्वयंपाकघरातून घेतली. अंड्याचा बलक न फुटेल इतका दाब, मग द्राक्ष दबेल इतका, मग मऊ लिंबू दबेल इतका. आणि भर हलक्या दाबावरच!

प्रत्यक्षात करावयाचे काय? घोडा सैल दोरीने धरावा, मानेपासून आरंभ करावा आणि हात अगदी हलका ठेवून पाठीच्या कण्याच्या बाजूने सावकाश मागे न्यावा. एखाद्या जागी घोडा पापणी मिटतो किंवा त्याचा ओठ हलतो. तेथे थांबावे, जोर वाढवू नये. अर्धे मिनिट, कधी त्याहून अधिक, वाट पाहावी. मग तो मान खाली सोडतो, ओठ चाटतो, चघळल्यासारखे करतो, दीर्घ श्वास सोडतो, क्वचित एकामागून एक जांभया देतो. अंगातला ताण उतरत असल्याची ही चिन्हे. उलट तो मान वर ताणू लागला, शेपटी आपटू लागला, बाजूला सरू लागला, तर हात आणखी हलका करावा किंवा काढून घ्यावा. येथे आपण जोर केला की घोडा जोराला जोराने उत्तर देतो, आणि साडेचारशे किलो वजनाच्या जनावराशी त्या झगड्यात माणूस जिंकत नसतो.

हातांबरोबर डोळेही उघडे हवेत. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचे एक कोष्टक युरोपातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. ताठ मागे वळलेले कान, आक्रसलेल्या पापण्या, डोळ्यावरचा ताण, जबड्याचे ताठरलेले स्नायू, आवळलेले तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या, अशी सहा लक्षणे त्यात आहेत. ती शिकण्यास पैसा लागत नाही.

पण, श्रोतेहो, कोणत्याही चांगल्या गोष्टीची अतिशयोक्ती झाली म्हणजे तिचे नुकसानच होते. मालिशीने हाड जुळत नाही, जंतू मरत नाहीत, चुकीचा नाल सुधारत नाही. ताजी जखम, ताप, गरम सूज यांवर चोळू नये. पोट दुखून घोडा लोळू लागला, वारंवार कुशीकडे पाहू लागला, तर मालीश करीत बसणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. तेथे पशुवैद्यालाच तातडीने बोलावले पाहिजे. आणि खोगीरच पाठीला काचत असेल तर रोज संध्याकाळी पाठ चोळून सकाळी तेच खोगीर चढविण्यात काय अर्थ? स्पर्शावरचे शास्त्रीय प्रयोग अजून थोडेच आहेत व बहुतेक लहान आहेत. त्यांतून ताण हलका होतो असे म्हणण्यास आधार मिळतो. सर्व रोग बरे होतात असे म्हणण्यास मिळत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरविल्या. तरी महाराष्ट्रातला राबता घोडा संपलेला नाही. माथेरानच्या लाल वाटांवर तो प्रवासी वाहतो, वरातीत बँडच्या गजरात तासन्‌तास उभा राहतो, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत त्याचा बाजार भरतो. या घोड्यांवर कुटुंबे जगतात. शर्यतीच्या घोड्याला डॉक्टर असतो, तज्ज्ञ असतात. भाड्याच्या घोड्याला त्याच्या मालकाचा हात तेवढा असतो. तो हात दिवसातून पाव तास घोड्याच्या अंगावरून विचारपूस करीत फिरला, तर लंगडेपणा येण्याआधी त्याची चाहूल लागेल, काम असलेल्या हंगामात घोडा निकामी होऊन बसणार नाही, आणि ‘खोडकर’ म्हणून मार खाणाऱ्या कित्येक जनावरांचे खरे दुखणे उघडकीस येईल. यात दया आहे तसा व्यवहारही आहे, आणि गरीब माणसाला परवडेल अशी दया तीच, जी त्याच्या व्यवहारालाही उपयोगी पडते.

आपल्यापैकी घोडा पाळणारे थोडे असतील. पण घोड्यावर बसणारे, मुलांना बसविणारे, वरातीत त्याच्यापुढे नाचणारे पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी बसण्यापूर्वी क्षणभर त्याचे कान आणि डोळे पाहा. खोगीर चढविताना तो अंग चोरीत असेल, तर मालकाशी हुज्जत न घालता, ‘याची पाठ एकदा पाहता का?’ एवढे विचारा आणि त्या दिवशी पायी चला. बोलता न येणाऱ्या प्राण्याच्या वतीने एवढा एक प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला विचारता येईल.