आवाज दाबणारी नळी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून आपल्याकडे आंब्याबरोबर व्याख्यानेही येतात. या व्यासपीठावर विद्वानांनी इतिहास-वाङ्मयावर बोलावे आणि आमच्यासारख्यांनी बोनस-महागाईवर बोलावे, अशी एक वाटणी नकळत ठरून गेली आहे. आज मी ती मोडणार आहे. मी बंदुकीविषयी, त्यातही बंदुकीच्या तोंडाला लावावयाच्या एका नळीविषयी बोलणार आहे. चालकांपैकी एका गृहस्थांनी मला विचारले, "याचा कळव्याशी संबंध काय?" प्रश्न रास्त आहे.

आपल्या या खाडीकाठी, कळवा-विटाव्यापासून ठाणे-बेलापूर रस्त्यापर्यंत आणि पलीकडे वागळे इस्टेटीत, कितीतरी लहान गाळ्यांतून लेथ फिरत असतात. मोठे कारखाने बंद पडले किंवा आटले. त्यांत आयुष्य घालविलेला टर्नर आज कोणाच्या तरी गाळ्यात नगावर काम करतो. पूर्वी त्याच्या हाती यायचे ड्रॉइंग साहेबाच्या सहीचे असे. आता चलनाच्या पाठीवर काढलेली पेन्सिलीची रेघ असते, आणि "उद्या संध्याकाळी पाहिजे" एवढाच हुकूम.

असाच एक कागद घेऊन एक टर्नर युनियनच्या कचेरीत आला होता. एक नळी, एका तोंडाला आटे, आत ठराविक अंतरावर बसवायचे काही तुकडे. गिऱ्हाईक म्हणाले, स्प्रेच्या मशीनचा भाग आहे. पण मजुरी नेहमीच्या चौपट आणि बिल नको. टर्नर जुना माणूस, त्याला वास आला. तो मला म्हणाला, "भाऊ, नाही म्हटले तर शेठ उद्यापासून काम देणार नाही. हो म्हटले तर काय होईल ते तुम्ही सांगा." त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी कायद्याचे पुस्तक घेऊन बसलो. मी वकील नाही. पण कायदा वाचता येण्यासाठी वकील असावे लागत नाही, चिकाटी असावी लागते.

१८७८ साली लिटनच्या अमदानीत आलेला शस्त्रांचा कायदा आपल्या राष्ट्रीय चळवळीला फार सलत असे, कारण तो एका राष्ट्राला निःशस्त्र करणारा होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमात 'अग्निशस्त्र' म्हणजे काय ते सांगितले आहे. माझी अशी समजूत होती की अग्निशस्त्र म्हणजे जिच्यातून गोळी सुटते ती वस्तू. परंतु व्याख्या तेथे थांबत नाही. बार उडताना होणारा आवाज किंवा उठणारी ज्वाला कमी करण्यासाठी बनविलेले वा तसे बदलून घेतलेले साधन हेही अग्निशस्त्रच, असे ती स्पष्ट म्हणते. बंदुकीचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रसामग्रीही त्यात धरली आहे. म्हणजे ती वीतभर नळी, जिच्यात ना घोडा ना काडतूस, कायद्याच्या लेखी बंदूक आहे. १९६२ च्या नियमांनी तर तिला परिशिष्टाच्या पहिल्याच वर्गात, लष्करी जातीच्या हत्यारांच्या पंगतीला बसविले होते.

पाचवे कलम सांगते की परवान्यावाचून असली वस्तू बनविता येणार नाही, विकता येणार नाही, दुरुस्तही करता येणार नाही. यासाठी पूर्वी तीन ते सात वर्षांची शिक्षा होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे केली असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. नुसती जवळ बाळगणाऱ्यालाही दोन ते पाच वर्षे आहेत. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाळगणाऱ्यापेक्षा बनविणाऱ्याला शिक्षा जबर आहे. बाळगणारा कोण असतो ते आपण जाणतो. त्याच्यापाशी पैसा असतो, वकील असतो. बनविणारा मात्र आपल्यापैकी, नगावर काम करणारा.

"मला ठाऊकच नव्हते," हा बचाव आहे का? आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने संजय दत्त प्रकरणात सांगितले की 'बाळगणे' म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे. पण जाणीव होती की नव्हती हे कशावरून ठरते? चौपट मजुरीवरून, बिल न करण्यावरून, काम रात्री करण्यावरून. त्याच प्रकरणात नटाचे नाव सर्वांना आठवते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली, तेही सर्वांनी वाचले. मात्र ती रायफल नष्ट करण्यासाठी ज्यांनी हात लावला त्यांनाही शिक्षा झाल्या, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. पस्तिसावे कलम याच्याही पुढे जाते. एका जागेचा अनेकांकडे ताबा असेल आणि तेथे शस्त्र सापडले, तर ज्याला त्याची माहिती होती असे मानण्यास जागा आहे असा प्रत्येक भागीदार, उलट सिद्ध होईपर्यंत, जबाबदार धरला जातो. एका गाळ्यात तिघांच्या तीन लेथ असतात, त्यांनी हे कलम भिंतीवर लिहून ठेवावे.

आता कायदा बाजूला ठेवून धातूकडे वळू. ही नळी १९०९ साली हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन इंजिनियरने पेटंट केली. त्याच्या बापाने यंत्रबंदूक शोधली होती. बापाने गर्जना निर्माण केली आणि मुलगा ती दाबायला निघाला, अशी ही गंमत आहे. तत्त्व मोटारीच्या सायलेन्सरचेच. गोळीमागून सुटणारा तप्त वायू एकदम बाहेर न सोडता त्याला आत अडवून, पसरवून, थंड करून सोडावयाचे. पण सिनेमात जी 'फुस्स' ऐकू येते ती खोटी आहे. बंदुकीचा बार सामान्यतः १४० ते १७० डेसिबलचा. उत्तम कारखान्यात बनलेले साधन त्यातून वीस-तीस डेसिबल कमी करते. उरतो तो आवाजही कानठळ्या बसविणारा असतो. शिवाय ध्वनीहून वेगवान गोळी हवेत जो कडाका काढते, त्याला ही नळी काहीच करू शकत नाही. तुलनेसाठी सांगतो, कारखान्यात आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा आहे.

ज्या मोहापायी कोणी गाळ्यात ही नळी करवून घेतो, ती आवाज तर पुरता दाबत नाहीच. ती फुटते मात्र खचित. दर बारामागे तिच्यात तप्त वायूचा दणका बसतो. भंगारातल्या पाईपची जात कोणाला ठाऊक? त्याची शिवण कोठे कच्ची आहे ते कोणी तपासले? गोळीची वाट केसभर हुकली तर ती आतल्या तुकड्यावर आदळते, आणि मग नळीच्या चिरफळ्या होऊन त्या पुढे, बाजूला किंवा उडविणाऱ्याच्या तोंडावर येतात. त्यात मूळचे हत्यार गावठी असले, तर विचारूच नका. रीतसर कारखान्यात प्रत्येक बंदुकीची नळी जादा दाबाचा बार काढून तपासतात. गावठी कट्ट्याची तपासणी त्याच्या पहिल्या मालकाच्या हातात होते, आणि तो हात कधीकधी परत मिळत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी ग्राइंडिंग व्हील फुटताना पाहिले आहे, त्याला मी अधिक काय सांगावे?

कोणी म्हणेल, परदेशात शिकारी लोक हे साधन उजळ माथ्याने वापरतात. खरे आहे. नॉर्वे, फिनलंडसारख्या देशांत कान वाचविण्यासाठी ते वापरले जाते. अमेरिकेनेही ते सरसकट बंद केले नाही. १९३४ साली नोंदणी आणि दोनशे डॉलरचा कर लावला. वस्तू मुळात राक्षसी आहे असे माझे म्हणणे नाही. पण तेथील नळी कारखान्यात तपासून निघते, आणि कोणाकडे काय आहे याची सरकारदरबारी नोंद ठेवण्याच्या रीती आहेत. बिलाशिवाय, रात्री, चलनाच्या पाठीवरच्या चित्रावरून होणाऱ्या कामाशी तिची तुलना होऊ शकत नाही. आणि कान वाचवायचेच असतील तर आमच्या फोर्जिंग शॉपमध्ये या! आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याच्या परिशिष्टात रोग म्हणून नोंदलेले आहे, आणि तरी साध्या कानाच्या बोळ्यांसाठी आम्हाला भांडावे लागते.

आता चालकांच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्या तपासात, पिस्तुले सुटी करून त्यांचे भाग खाडीत फेकल्याचे सांगितले गेले. ती खाडी कोणती? आपल्या खारेगावची. केंद्रीय अन्वेषण विभागाने परदेशी यंत्रसामग्री आणि पाणबुडे आणून येथील चिखल चाळला आणि मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल वर काढल्याच्या बातम्या आल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. वर काढलेल्या पिस्तुलाच्या पुराव्यात मी शिरत नाही. त्या प्रकरणात आवाज दाबणारी नळी होती असेही मी म्हणत नाही. मला दिसते ते इतकेच की लोखंडाचा लहानसा तुकडा भरती-ओहोटीच्या गाळात टाकला तरी त्याचा शोध घ्यायला माणसे येतात. लोखंडावर यंत्राची खूण राहते, आणि ते यंत्र कोठे तरी उभे असते.

मग त्या टर्नरला मी काय सांगितले? प्रथम, कागद फाडू नका आणि काम सुरू करू नका. शेठला साधे सांगा की गिऱ्हाइकाच्या नावाचे चलन, ड्रॉइंगवर सही आणि वस्तू कशासाठी ते लिहून मिळाल्यावाचून आटे पाडणार नाही. हे एकट्याने सांगू नका, शेजारच्या दोन-तीन लेथवाल्यांना बरोबर घ्या. एकाला काढून टाकणे सोपे, चौघांना काढणे अवघड. आणि छत्तिसावे कलम सांगते की या कायद्याखालच्या गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने, सबळ कारण नसेल तर, ती जवळच्या पोलिस ठाण्यात दिली पाहिजे. ठाण्यावर एकटे जायची भीती वाटते हे मी जाणतो. ती निराधार आहे असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. म्हणून कोणी बरोबर यावे लागले तर युनियनचा माणूस येतो, आणि दिलेल्या अर्जाची पोच घेतल्यावाचून तेथून उठत नाही.

गिऱ्हाइकाने लिहून द्यायचे नाकारले आणि कागद परत मागितला. शेठने टर्नरला आठवडाभर काम दिले नाही. त्या आठवड्याची मजुरी आम्ही चौघा लेथवाल्यांच्या वर्गणीतून भरून काढली. नंतर शेठने स्वतःच बोलावून घेतले, कारण तसा हात त्याला दुसरा मिळाला नाही.