कायम वास्तव्याचा हक्क आणि दूरची नोकरी

‘कायम’ हा शब्द मराठी माणसाला मोठा धीर देणारा आहे. कायमची नोकरी, कायमचें बिऱ्हाड, कायमचा पत्ता असें म्हटलें कीं मन निर्धास्त होतें. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांच्या घरीं हा शब्द ‘ग्रीन कार्ड’ या रूपानें येतो. कायम रहिवासी म्हणून मान्य झालेल्या परकीय मनुष्यास हें कार्ड मिळतें. बहुधा १० वर्षांनीं तें बदलून घ्यावें लागतें. पण ती मुदत कार्डाची असते, हक्काची नव्हे. हक्क मात्र कार्ड पेटींत जपून ठेवल्यानें टिकत नाहीं. त्या देशांत घर करून राहिल्यानें टिकतो. एरवीं हा भेद कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तिसऱ्याच देशांतून चांगल्या नोकरीचें बोलावणें आलें, म्हणजे तो एकाएकीं महत्त्वाचा होऊन बसतो.

उदाहरणासाठीं एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. पुण्याकडील एक दांपत्य न्यू जर्सी प्रांतांत राहत आहे. पति इंजिनियर आहे, पत्नी शिक्षिका आहे. १२ वर्षांची मुलगी भारतांत जन्मलेली, ८ वर्षांचा मुलगा तेथेंच जन्मलेला व म्हणून जन्मानेंच अमेरिकन नागरिक. आईबाप व मुलगी यांना कार्ड मिळून ३ वर्षें झालीं. त्यासाठीं त्यांनीं ८ वर्षें वाट पाहिली. कारण नोकरीच्या आधारें दिल्या जाणाऱ्या हक्कांत कोणत्याहि एका देशांत जन्मलेल्यांना साधारणतः शेंकडा ७ हून अधिक वांटा मिळूं नये, असा तेथील कायदा आहे, आणि भारतीयांची रांग त्यामुळें फार लांबते. आतां सिंगापूरची एक कंपनी पतीस ३ वर्षांसाठीं वरच्या जागेवर बोलावीत आहे. पगार अधिक आहे, आणि पुण्यांतील वृद्ध मातापितरांकडे जाणें अमेरिकेहून जाण्यापेक्षां पुष्कळच सोपें आहे.

अशा वेळीं स्नेहीमंडळींकडून एक सल्ला हटकून मिळतो: “सहा महिन्यांतून एकदां येऊन अमेरिकेच्या भूमीला पाय लावावा, कीं कार्ड शाबूत.” हा सल्ला अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेंच घातक आहे. १८० दिवसांहून अधिक काळ सलग बाहेर राहणाऱ्याची परत येतांना नव्यानें प्रवेश मागणाऱ्याप्रमाणें तपासणी होऊं शकते, आणि एक वर्ष वा अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परत येतां येत नाहीं, हें खरें. पण त्याहून कमी दिवस बाहेर राहिलें म्हणजे हक्क सुरक्षित राहतो, असें मात्र नाहीं. कॅनडाचा नियम दिवसांचा आहे: तेथील कायम रहिवाशानें ५ वर्षांत निदान ७३० दिवस देशांत काढावे. अमेरिकेंत दिवसांबरोबर हेतु पाहिला जातो. मनुष्य कशासाठीं गेला, परत येण्याची वेळ ठरलेली होती काय, त्याचें खरें घर व खरी नोकरी कोठें आहे, या गोष्टींवरून तो हेतु ठरतो.

१९८८ सालीं तेथील स्थलांतरविषयक अपील मंडळापुढें आलेलें एक प्रकरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. एक स्त्री पतीच्या जपानमधील वास्तव्यामुळें मुलांसह तिकडे राहत होती, आणि अधूनमधून थोड्या दिवसांसाठीं अमेरिकेस येऊन जात होती. हक्क राखण्याची तिची इच्छा होती. परंतु नुसती इच्छा पुरेशी नाहीं, असें मंडळानें ठरविलें. तिचा हक्क सुटला, आणि तिच्या ताब्यांतील अज्ञान मुलांचाहि तिच्याबरोबर सुटला. न्यू जर्सीच्या त्या मुलीचें भवितव्य आईबापांच्या निर्णयांत कसें गुंतलेलें आहे, हें यावरून कळून येईल. भाऊ नागरिक असल्यामुळें केव्हांहि परतेल. बहिणीस मात्र तें द्वार बंद होऊं शकतें.

कुटुंबानें जाण्याचेंच ठरविलें, तर पहिली गोष्ट म्हणजे पुनःप्रवेशाचा परवाना. याचा अर्ज अमेरिकेंत असतांनाच करावा लागतो. सिंगापुरास पोंचल्यावर आठवण होऊन उपयोग नाहीं. हा परवाना अधिकांत अधिक २ वर्षांचा असतो व त्याची मुदत वाढवून मिळत नाहीं. नोकरी ३ वर्षांची असल्यास मध्यें परत येऊन नवा अर्ज करावा लागतो. परवाना असला म्हणजे केवळ दीर्घ गैरहजेरीवरून हक्क सोडल्याचें ठरविलें जात नाहीं. पण इतर पुरावा विरुद्ध असल्यास एवढ्यानें भागत नाहीं. म्हणून नोकरीचा करार मुदतीचा व लेखी असावा, अमेरिकेंतील घर, बँकेंतील खातें व इतर संबंध चालू असावेत. विशेषतः प्राप्तिकराचें विवरण दर वर्षीं रहिवासी म्हणूनच भरावें आणि त्यांत जगांतील सर्व उत्पन्न दाखवावें. कर वांचविण्यासाठीं स्वतःला अनिवासी म्हणवून घेणारा मनुष्य आपल्या हातानेंच आपल्याविरुद्ध पुरावा लिहून देतो.

परत येतांना विमानतळावर अधिकाऱ्यास शंका आली, तर हक्क स्वखुशीनें सोडल्याच्या कागदावर सही करण्यास सांगितलें जाण्याचा संभव असतो. ही सही सक्तीची नाहीं. प्रकरण न्यायाधीशापुढें जावें, असें म्हणण्याचा अधिकार रहिवाशास आहे, आणि हक्क सुटल्याचें स्पष्ट पुराव्यानें सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. प्रवासानें थकलेल्या माणसानें भीतीपोटीं सही करून टाकली, तर हें संरक्षण वायां जातें.

दुसरा प्रश्न नागरिकत्वाचा. त्यासाठीं साधारणतः ५ वर्षांचें सलग वास्तव्य, आणि त्यांतील निदान ३० महिने प्रत्यक्ष हजेरी लागते. सलग वर्षभर बाहेर राहिल्यास ही सलगता तुटते. पुनःप्रवेशाचा परवाना ती सांधीत नाहीं. अमेरिकन कंपनीनें आपल्या परदेशी व्यापारासाठीं पाठविलेल्या नोकरांना यांत एक निराळी सवलत मागतां येते. सिंगापूरच्या कंपनीच्या नोकरास ती नाहीं.

यावरून तिसरा मार्ग सुचतो. पतीनें पुढें जावें, पत्नी व मुलांनीं २ वर्षें न्यू जर्सींतच राहावें. पत्नी नागरिक झाली, कीं तिच्याजवळ राहणारी १८ वर्षांखालील कार्डधारक मुलगी कायद्यानें आपोआप नागरिक होते. आणि पतीचें कार्ड गेलेंच, तरी नागरिकाचा पति म्हणून त्यास त्या लांब रांगेबाहेर नवा अर्ज करतां येतो. किंवा सर्वांनींच २ वर्षें थांबून, नागरिक होऊन, मग मोकळ्या मनानें जावें. परंतु दोन्ही मार्गांना किंमत आहे. पहिल्यांत संसार दोन ठिकाणीं विभागतो. दुसऱ्यांत चालून आलेली जागा बहुधा हातची जाते. शिवाय परक्या देशाचें नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाहीं. २००५ सालापासून मिळूं लागलेल्या परदेशस्थ भारतीयाच्या ओळखपत्रावर भारतांत येतां व राहतां येतें. मत देतां येत नाहीं, आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. गांवाकडे जमिनीचा तुकडा घेण्याचें स्वप्न बाळगणाऱ्या माणसास ही गोष्ट लहान वाटणार नाहीं.

यांपैकीं कोणताहि मार्ग निंद्य नाहीं. विचार करून, परत न येण्याचें ठरवून, हक्क सोडून देणें हाहि एक निर्णयच आहे. हानि होते ती निर्णय न करतां निघून जाण्यानें. नोकरीचें पत्र आलें म्हणजे घरांत पगार, घरभाडें आणि मुलांची शाळा यांचा हिशेब मांडला जातोच. त्याच कागदावर परत येण्याची तारीख, परवान्याच्या अर्जाचा दिवस, कराची व्यवस्था आणि घरांतील प्रत्येकाचा निरनिराळा हक्क हींहि लिहावीं, आणि स्थलांतराचा कायदा जाणणाऱ्या वकिलास तो कागद दाखवावा. हें सर्व विमानाचें तिकीट काढण्यापूर्वीं व्हावें. पतिपत्नींनीं त्या कागदाकडे पाहतांना स्वतःच्या सोयीबरोबरच एक प्रश्न अवश्य विचारावा: आपली मुलगी १८ वर्षांची होईल, तेव्हां कोणत्या देशाचें दार तिच्यासाठीं उघडें असेल?