‘स्ट्रिक्चर’ : अर्थ आणि उपयोग
(नायगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



‘न्यायालयाने ताशेरे ओढले’ असे आपण वृत्तपत्रांत वारंवार वाचतो. या ताशेऱ्यांना इंग्रजीत ‘स्ट्रिक्चर्स’ म्हणतात. ‘आवळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला असून ‘स्ट्रिक्ट’ हा त्याचाच सगोत्र होय. शरीरातील एखादी नलिका आकसून अरुंद झाली, तर वैद्य त्या विकारासही ‘स्ट्रिक्चर’च म्हणतात. कठोर टीकेच्या अर्थी मात्र हा शब्द बहुधा अनेकवचनी योजतात.

टीकेत गुणदोष दोहोंची चर्चा असते. ताशेऱ्यात केवळ दोषच दाखविलेला असतो. आणि तो अधिकारी व्यक्तीने लेखी नोंदविला, म्हणजे सहसा पुसला जात नाही. म्हणूनच त्याला मर्यादा हवी.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी उत्तर प्रदेशच्या संपूर्ण पोलीस दलावर कठोर ताशेरे ओढले होते. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट विधाने काढून टाकविली आणि अशा शेऱ्यांसाठी तीन कसोट्या सांगितल्या : संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली काय? शेऱ्यास पुरावा आहे काय? आणि निर्णयासाठी तो शेरा आवश्यक आहे काय?

बंधुभगिनींनो, विद्यार्थ्याच्या वहीवर लाल शाईने शेरा लिहिताना आपणही न्यायासनावरच बसलेले असतो. ‘मठ्ठ आहे’ हा शेरा या कसोट्यांवर टिकेल काय? मूल सोयाबीनच्या काढणीसाठी घरी राहिले होते काय, हे आपण विचारले नसेल, तर पहिलीच कसोटी ढळली. ‘हातच्याची वजाबाकी चुकते, पुन्हा पाच उदाहरणे सोडवावीत’ या शेऱ्यास वहीतच पुरावा आहे, आणि पुढची वाटही आहे. पहिला शेरा मुलावर आहे, दुसरा चुकीवर.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा विवेकाचा धाक थोर. ज्याच्या घरात अक्षरओळख प्रथमच येत आहे, ते मूल गुरुजींचा शेरा हाच आपल्या बुद्धीचा अंतिम निकाल मानते. आणि त्याच्या वतीने अपील करण्यास कोणी नसते. शब्दाने चूक आवळावी; मुलाचा श्वास आवळू नये, एवढीच विनंती.